मुलांच्या बिंज इटिंगसाठी ऑनलाइन समुपदेशन: चार तारे, पाचवा का नाही तेही लिहिलंय

पाचापैकी चार देतेय. पाचवा तारा त्यांच्या नोंदणीच्या फॉर्मने घालवला, त्यावर पुढे येतेच.

मुलगा पंधरा वर्षांचा आहे, त्याला बिंज इटिंगचा, म्हणजे ताबा सुटून खूप खाल्लं जाण्याचा त्रास आहे, आणि त्याला विचारूनच लिहितेय. त्याच्या अटी दोन. काय खाल्लं, किती खाल्लं हे लिहायचं नाही. आणि सेवेचं नाव द्यायचं नाही, कारण ॲपचं चिन्ह त्याच्या फोनवर मित्रांनी पाहिलेलं आहे. दोन्ही मान्य. तसंही या विषयावर तोंड उघडणारा प्रत्येक जण आधी 'किती' हेच विचारतो.

मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते. त्यामुळे कुणाच्याही जाहिरातीपेक्षा त्यांची नोंदणी आणि तपासणीची पद्धत मी आधी बघते. इथे पहिल्या भेटीआधीच डॉक्टरांची तपासणी आणि रक्ताचे साधे रिपोर्ट मागितले. प्रश्नावलीत आडपडदा नव्हता: खाल्ल्यावर मुद्दाम उलटी काढतोस का, जुलाबाच्या गोळ्या घेतोस का, जीव द्यावासा वाटतो का. यातलं काही असेल तर ते ऑनलाइन घेत नाहीत, प्रत्यक्ष उपचारांकडे पाठवतात. 'आम्ही सगळं बघतो' म्हणणाऱ्यांपेक्षा नाही म्हणू शकणाऱ्यांवर माझा विश्वास लवकर बसतो.

पहिल्या दिवशी समुपदेशक मॅडम आधी मुलाशी एकट्याशी बोलल्या, मग आम्हा दोघांशी, मग सगळ्यांशी एकत्र. त्यानं सांगितलेलं आमच्यापर्यंत येणार नाही, फक्त त्याच्या जिवाला धोका वाटला तरच येईल, हे त्याच्यासमोर सांगितलं. मग निदान: बिंज इटिंग डिसऑर्डर. थोड्या वेळात इतर कुणी खाईल त्यापेक्षा बरंच जास्त खाणं, थांबायचं असूनही थांबता न येणं, नंतर स्वतःची किळस. हे आठवड्यातून किमान एकदा, तीन महिने चाललेलं. नंतर उलटी किंवा उपास करून भरपाई करण्याची रीत पडली असेल तर तो वेगळा आजार. २०१३ च्या डीएसएम-५ मध्ये, म्हणजे मानसिक आजारांच्या निदानासाठी वापरल्या जाणाऱ्या अमेरिकन पुस्तकात, हा स्वतंत्र आजार म्हणून आला, आणि तो मुलग्यांनाही होतो, बारीक असणाऱ्यांनाही होतो. नवरा इतका वेळ गप्प होता. 'म्हणजे हा हावरटपणा नाही,' एवढंच म्हणाला. मुलानं मान वर केली नाही, पण ऐकलं.

या सेवेतलं सगळ्यात चांगलं म्हणजे पालकांसाठीची सत्रं. खरं सांगायचं तर मला पाठ्यपुस्तकी सल्ले अपेक्षित होते. पण मॅडमनी नवऱ्याला सांगितलं, 'बाबा, मी तुमचा मुलगा. रात्री स्वयंपाकघरात सापडलोय. बोला.' नवरा खाकरला आणि म्हणाला, 'अरे, आत्ताच जेवलास ना? मग हे कशाला?' मॅडम 'काही नाही' म्हणाल्या आणि कॅमेरा बंद करून बसल्या. बराच वेळ काळी चौकट. मला हसू आवरेना, कारण आमच्याकडचं दार अगदी असंच बंद होतं.

मग तेच संवाद पुन्हा, वेगळ्या तोंडानं. चौकशी नाही. 'पोट दुखतंय का? बसू का इथे?' एवढंच, आणि तो 'जा' म्हणाला तर खरंच जायचं. केराच्या डब्यातली रिकामी वेष्टनं मोजायची नाहीत. कपाटाला कुलूप नाही, कारण कुलूप लागलं की खाणं आणखी लपून होतं. घरात कुणाच्याच अंगावर शेरे नाहीत, स्वतःच्याही नाहीत. 'मी किती सुटलेय' हे माझं आरशासमोरचं वाक्य त्यात गेलं. आणि मुख्य म्हणजे दुसऱ्या दिवशी जेवण नेहमीच्या वेळी, नेहमीइतकं.

हे शेवटचं सासूबाईंना पटेना. 'एवढं खाल्ल्यावरही वाढायचंच?' त्यांना एका सत्रात बसवून घेतलं, तेही मागितल्याबरोबर. मॅडमनी अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठातल्या १९४४-४५ च्या प्रयोगाचं सांगितलं: ३६ धडधाकट तरुणांना सहा महिने अर्धपोटी ठेवलं, आणि नंतर अन्न खुलं झाल्यावर त्यातले काही जण पोट फुटेस्तोवर खात सुटले. उपासमारीनं डोकं दिवसभर अन्नाभोवतीच फिरतं. लाजेपायी सकाळचं टाळायचं, दुपारचं टाळायचं, की संध्याकाळी बांध फुटतो, मग पुन्हा लाज. म्हणून तीन जेवणं, मधे दोन-तीन वेळा थोडं खाणं, आणि तीन-चार तासांपेक्षा जास्त खंड नाही. सासूबाईंनी एकच विचारलं, 'ती पोरं बरी झाली का?' झाली, पण महिने लागले, असं उत्तर मिळालं. तेव्हापासून चारच्या खाण्याची आठवण त्याच करतात.

ॲपमधली डायरीही साधी आहे. वेळ, जागा, काय खाल्लं, ताबा सुटल्यासारखं वाटलं का, त्याआधी काय घडलं होतं. कॅलरीचा आकडा कुठेच नाही. ही डायरी पालकांना दिसत नाही, यावर नवऱ्यानं कुरकुर केली. मी म्हणेन, दिसत असती तर मुलानं ती आमच्यासाठी लिहिली असती, आणि मग तिचा उपयोग शून्य. गणिताच्या चाचण्या आणि रात्रीचं जागरण यांचा संबंध त्यालाच त्यात सापडला.

आता तक्रारी. डायरीत 'सलग इतके दिवस!' असं अभिनंदनाचं पदक येतं. एक वाईट संध्याकाळ, की आकडा शून्यावर. 'एकदा चुकलं म्हणजे सगळंच गेलं' हाच विचार जिथे मोडायचा, तिथे हे पदक कुणी बसवलं? मुलानं सेटिंगमध्ये जाऊन बंद केलं, म्हणजे बंद करता येतं, पण आधी चालू का? चॅटवर उत्तर फक्त कामाच्या वेळेत मिळतं, आणि हा त्रास सहसा रात्रीचा. मधेच एकदा समुपदेशक बदलले, तेही न कळवता. नवे सर चांगले आहेत, पण पंधरा वर्षांच्या मुलाला तेच सगळं दुसऱ्यांदा सांगायला लावू नये.

आणि तो फॉर्म. नोंदणी करताना 'लक्ष्य वजन' हा रकाना, लाल चांदणीसह, भरल्याशिवाय पुढे जाता येत नाही. मुलगा तिथेच फोन ठेवून उठला होता. उपचार कसे करावेत हे ठरवून देणाऱ्या ब्रिटनच्या नाइस संस्थेची २०१७ ची मार्गदर्शिका सांगते की या उपचारात वजन कमी करणं हे ध्येय नसतं, आणि उपचार चालू असताना डाएट करू नये, त्यानं बिंज वाढण्याचीच शक्यता असते. यांच्या मॅडमही हेच सांगत होत्या. मग त्यांच्याच दारावर काटा कशाला? मेल केला, 'तांत्रिक विभागाला कळवलं आहे' असं उत्तर आलं. रकाना अजून आहे. मी त्यात आजचंच वजन टाकलं आणि पुढे गेले. तुम्हीही तेच करा, आणि तो फॉर्म मुलाच्या हातात देऊ नका.

औषधाचं नवऱ्यानं विचारलं होतं. लिसडेक्सअँफेटामिनला अमेरिकेत २०१५ मध्ये या आजारासाठी मान्यता मिळाली, पण फक्त प्रौढांसाठी, आणि वजन उतरवायला तर नाहीच. एवढं सांगून विषय संपवला, काही विकायचा प्रयत्न केला नाही.

फरक आहे का? आहे. प्रसंग कमी झालेत, थांबलेले नाहीत. झाल्यावर तो हल्ली कधी कधी स्वतःहून बाहेर येऊन बसतो. वजनाचं विचाराल तर माहीत नाही, घरातला काटा आम्ही काढून टाकलाय.

धाकट्या भावंडांसाठी मात्र यांच्याकडे काहीच नाही. आमची नऊ वर्षांची मुलगी विचारते की दादाला कुणी रागवत का नाही. तिला काय आणि किती सांगायचं हे मी सरांना विचारलंय, उत्तर आलं की इथेच खाली जोडेन.