लाफ्रॉइग की लॅगावूलिन : आयलाची एकच बाटली घ्यायची असेल तर

स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्याजवळच्या ज्या बेटावर या दोन्ही व्हिस्की तयार होतात, त्याचे स्पेलिंग काहीही सुचवत असले तरी उच्चार ‘आयला’ असाच आहे. पहिल्या घोटानंतर मराठी माणसाच्या तोंडून निघणारा उद्गारही बहुधा तोच असतो. या बेटाच्या दक्षिण किनाऱ्याने पोर्ट एलन गावातून पूर्वेकडे निघाले, की आधी लाफ्रॉइगची आणि पुढे मैलभरावर लॅगावूलिनची डिस्टिलरी लागते. धुराच्या चवीचे सिंगल माल्ट (एकाच डिस्टिलरीत, केवळ मोड आणून सुकवलेल्या बार्लीपासून केलेली व्हिस्की) घ्यायचे ठरवणाऱ्यापुढे बहुतेक वेळा लाफ्रॉइग १० वर्षे आणि लॅगावूलिन १६ वर्षे हेच दोन पर्याय येतात, आणि दुसरी बाटली जास्त जुनी व महाग म्हणून ती सरस, असा सोपा निष्कर्ष काढला जातो. तो मला पटत नाही.

इतिहासाच्या बाबतीत दोघी तुल्यबळ आहेत. लाफ्रॉइग १८१५ मध्ये अलेक्झांडर आणि डोनाल्ड जॉन्स्टन या भावांनी उभी केली, तर लॅगावूलिनच्या जागी जॉन जॉन्स्टन यांनी १८१६ मध्ये परवाना घेऊन काम सुरू केले. निवडीच्या दृष्टीने खरा उद्बोधक आहे तो विसाव्या शतकाच्या आरंभीचा त्यांच्यातील तंटा. ‘व्हाइट हॉर्स’ या ब्लेंडमुळे, म्हणजे मिश्र व्हिस्कीमुळे, नावारूपाला आलेले पीटर मॅकी लॅगावूलिनचे मालक होते आणि लाफ्रॉइगच्या विक्रीची एजन्सीही त्यांच्याच कंपनीकडे होती. १९०७ मध्ये ती हातची गेल्यावर लाफ्रॉइगकडे जाणारे पाणी दगड टाकून अडवण्यात आले, प्रकरण न्यायालयात गेले आणि पाणी पुन्हा सोडावे लागले. तेव्हा मॅकी यांनी १९०८ मध्ये लॅगावूलिनच्याच आवारात लाफ्रॉइगच्या धर्तीवर ‘माल्ट मिल’ नावाची छोटी डिस्टिलरी उभारली. ती १९६२ पर्यंत चालली. पण किनारा तोच आणि धुराची चव देणारे पीटही त्याच बेटावरचे असूनही तिच्यातून लाफ्रॉइग काही उतरली नाही. तेव्हा या दोहोंपैकी एकीला दुसरीची स्वस्त आवृत्ती समजून घेऊ नये.

पीट म्हणजे दलदलीत हजारो वर्षे अर्धवट कुजत साचलेला वनस्पतींचा थर. तो विटांसारखा कापून, वाळवून जाळतात आणि त्याच्या धुरावर मोड आलेले बार्ली सुकवतात. हेच माल्ट. लॅगावूलिनने स्वतःच्या जमिनीवर बार्लीला मोड आणणे १९७४ मध्ये थांबवले आणि आता सगळे माल्ट पोर्ट एलनहून येते. लाफ्रॉइगमध्ये गरजेचा थोडासा हिस्सा आजही जमिनीवर पसरून, फावड्याने उलथापालथ करून तयार होतो. धुराचे मोजमाप, म्हणजे फिनॉलचे प्रमाण, लॅगावूलिनच्या माल्टमध्ये दशलक्ष भागांत साधारण ३५ आणि लाफ्रॉइगच्या माल्टमध्ये ४० किंवा थोडे अधिक असते. हा आकडा धान्याचा आहे, बाटलीतल्या व्हिस्कीचा नव्हे. त्यामुळे केवळ त्यावरून निवड करण्यात अर्थ नाही. लॅगावूलिनचे दुसरे ऊर्ध्वपातन अतिशय संथ चालते आणि पुढे पिंपात सोळा वर्षे जातात, त्यामुळे तिचा धूर मुरलेला असतो. लाफ्रॉइग बर्बन या अमेरिकन व्हिस्कीच्या पिंपांतून दहाव्या वर्षी बाहेर येते, तेव्हा धुराची धार शाबूत असते.

ग्लासात हा फरक लगेच कळतो. लाफ्रॉइग नाकाशी नेताच टिंक्चर आयोडीन, बँडेजची पट्टी आणि किनाऱ्यावर सुकलेले शेवाळ यांचा एकत्र वास येतो. त्यामागून व्हॅनिलाचा गोडवा येतो, पण तिथपर्यंत थांबण्याची तयारी हवी. अमेरिकेतील दारूबंदीच्या काळात ही व्हिस्की औषध म्हणून तिथे विकली जात होती, यात नवल वाटत नाही. लॅगावूलिनमध्ये विझत आलेल्या शेकोटीचा धूर, कडक काळा चहा आणि खजूर-मनुकांसारखी गोडी एकमेकांत मिसळलेली असते. चमचाभर पाणी घातले की ती आणखी खुलते. लाफ्रॉइगला तेवढे पाणी मला जास्तच वाटते, कारण ब्रिटनमध्ये ती ४० टक्के अल्कोहोलवरच बाटलीत भरतात. लॅगावूलिन ४३ टक्के आहे. लाफ्रॉइगचा दुबळेपणा असलाच तर तो इथे आहे, आणि तो टाळायचा असेल तर त्याच घरची ४८ टक्क्यांची ‘क्वार्टर कास्क’ पाहावी. लॅगावूलिनची तरुण बाजू पाहायची असेल, तर २०१६ मध्ये द्विशताब्दीनिमित्त आलेली आणि पुढे कायम झालेली आठ वर्षांची बाटली आहे. तीही ४८ टक्के.

चार पाहुण्यांपुढे ठेवायची, किंवा ज्याने पीट कधी चाखलेले नाही त्याला भेट द्यायची बाटली असेल, तर लॅगावूलिन १६ घ्यावी. तिच्यावर नाक मुरडणारे कमी भेटतात. स्वतःसाठी घ्यायची असेल आणि आयलाची ओळख मवाळ न करता हवी असेल, तर लाफ्रॉइग घ्यावी, मात्र बाटली घेण्यापूर्वी एक पेग कुठेतरी चाखून पाहावा. आवड आणि तिटकारा यांच्या मधली जागा तिच्यात फारशी नाही.

परदेशातून येताना विमानतळावर घेणाऱ्यांसाठी एवढेच, की भारतात शुल्काविना दोन लिटर मद्य आणता येते आणि ७०० मिलिलिटरच्या दोन बाटल्या मिळून १.४ लिटरच भरतात.