फेडरल रजिस्टरचे संकेतस्थळ: नियम मुळातून वाचण्याची सोय

२०२५ च्या ऑक्टोबरअखेर आमच्या ओळखीच्या प्रत्येक मराठी कुटुंबाच्या फोनवर एकच निरोप फिरत होता: अमेरिकेत एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर काम करणाऱ्यांच्या, एच-४ व्हिसावर आलेल्या जोडीदारांचे कामाचे परवाने रद्द झाले. माझा परवाना सप्टेंबरमध्येच नूतनीकरणासाठी पाठवलेला होता आणि जुन्याची मुदत संपत आली होती. त्या रात्री मी अमेरिकन सरकारच्या राजपत्राचे, म्हणजे फेडरल रजिस्टरचे संकेतस्थळ उघडून मूळ नियमच वाचायला घेतला. परवाने रद्द करण्याविषयी त्यात काहीही नव्हते. नूतनीकरणाचा अर्ज प्रलंबित असताना जुन्या परवान्याला आपोआप मिळणारी, ५४० दिवसांपर्यंतची मुदतवाढ यापुढे बंद होणार होती, आणि तीही ३० ऑक्टोबर २०२५ रोजी किंवा त्यानंतर दाखल झालेल्या अर्जांपुरती. माझा अर्ज त्याआधीचा असल्यामुळे माझी मुदतवाढ शाबूत होती. 'त्या दिवशी किंवा त्यानंतर' हे नेमके शब्द एकाही निरोपात आलेले नव्हते. मुळातले शब्द कोणालाही, विनामूल्य आणि ताबडतोब वाचायला मिळतात, हाच या सेवेचा सर्वांत मोठा गुण असे मी मानते.

राजपत्राची ही व्यवस्था ज्या घोटाळ्यातून जन्मली, तोही याच प्रकारचा होता. १९३३ मध्ये खनिज तेलाच्या उत्पादनावर मर्यादा घालणाऱ्या नियमावलीत दुरुस्ती करताना एक महत्त्वाचे कलम चुकून गळाले, आणि सरकार अस्तित्वात नसलेल्या त्या कलमाच्या आधारे कारवाई करत राहिले. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेल्यावर ही गोष्ट उघड झाली, कारण नियम एका ठिकाणी छापून लोकांसमोर ठेवण्याची पद्धतच तोवर नव्हती. जुलै १९३५ मध्ये त्यासाठी कायदा झाला आणि १४ मार्च १९३६ रोजी पहिला अंक निघाला. आज शासकीय कामकाजाच्या प्रत्येक दिवशी नवा अंक निघतो, आणि २०२४ या एका वर्षाच्या अंकांची पाने १ लाखाच्या वर गेली. एवढ्या कागदातून आपल्या कामाचे पान शोधून देणे हे या संकेतस्थळाचे खरे काम आहे. २०१० पासून चालू असलेले हे संकेतस्थळ ते काम चांगले करते.

मांडणी साधी आहे. राष्ट्राध्यक्षांचे आदेश, अंतिम नियम, प्रस्तावित नियम आणि सूचना असे चार विभाग आहेत. प्रत्येक नियमाच्या आरंभी संस्थेचे नाव, सारांश, तारखा आणि चौकशीसाठी संबंधित अधिकाऱ्याचा दूरध्वनी ठरलेल्या क्रमाने येतो, त्यामुळे दोन-चार नियम वाचले की कोणत्याही खात्याचा कागद अनोळखी वाटत नाही. छापून येण्याच्या आदल्या दिवशीच बहुतेक कागद 'पब्लिक इन्स्पेक्शन' या पानावर सकाळी पावणेनऊला लागतात. ज्यांचे काम तारखांवर अवलंबून आहे, त्यांनी या पानाची सवय लावून घ्यावी असे मी आग्रहाने सांगेन.

परंतु सर्वांत मोलाचा भाग म्हणजे अंतिम नियमाच्या आधी येणारे दीर्घ निवेदन. आपल्याकडे मसुद्यावर हरकती व सूचना मागवतात, पण त्यांचे पुढे काय झाले हे सहसा कळत नाही. येथे १९४६ च्या कायद्यामुळे खात्याला आपला निर्णय कारणांसह मांडावा लागतो आणि महत्त्वाच्या हरकतींना उत्तर द्यावे लागते. एच-४ धारकांना कामाची परवानगी देणारा २५ फेब्रुवारी २०१५ चा नियम मी दोन संध्याकाळी बसून वाचला. मे २०१४ च्या मसुद्यावर जवळजवळ १३ हजार अभिप्राय आले होते. परवानगी सर्वच एच-४ जोडीदारांना द्यावी अशी मागणी त्यांत होती. ती का मान्य झाली नाही, आणि ज्यांच्या जोडीदाराची ग्रीन कार्डाची प्रक्रिया ठरावीक टप्प्यापर्यंत पोहोचली आहे त्यांच्यापुरतीच सवलत का ठेवली, हे मुद्देसूद लिहिलेले आहे. निर्णय पटो वा न पटो, तो कसा झाला हे समजते.

१९९४ पासूनचे अंक शब्दानिशी शोधता येतात. कुतूहल म्हणून मी 'मँगो' आणि 'इंडिया' हे शब्द टाकले, तेव्हा १२ मार्च २००७ चा नियम समोर आला. भारतीय आंब्याला किमान ४०० ग्रे (किरणांची मात्रा मोजण्याचे एकक) मात्रेचे विकिरण, म्हणजे कीड मारण्यासाठी किरणांचा मारा, दिल्यास अमेरिकेत प्रवेश देण्याचा तो नियम. कोयीत दडणाऱ्या भुंग्याचा धोका, तपासणी कोणी करायची, प्रमाणपत्रावर काय लिहायचे, सारे त्यात आहे. लासलगावच्या विकिरण केंद्रातून गेलेला हापूस इथल्या दुकानात का मिळू शकतो, याचे उत्तर मला त्या पानांत मिळाले.

उणिवा आहेत आणि त्या लहान नाहीत. नियमातील प्रत्यक्ष बदल 'अमुक परिच्छेदातील तमुक शब्द वगळावेत' अशा भाषेत येतो. बदलानंतरचा सलग मजकूर हवा असेल तर संकलित नियमावलीचे वेगळे संकेतस्थळ शेजारी उघडून ठेवावे लागते. पडद्यावर दिसणारा मजकूर कायदेशीर प्रत मानला जात नाही. वकिलाला किंवा मालकाला पाठवायची असेल तर सोबतची अधिकृत पीडीएफच उतरवून घ्यावी. ईमेलची नोंदणी संपूर्ण खात्यासाठी केली तर दररोज ढीगभर पत्रे येतात, म्हणून ती शोधशब्दापुरती करावी. आणि छापील अंक काही वेळा घटनेच्या मागे राहतो: एच-१बी अर्जांवर १ लाख डॉलरची अट घालणारी घोषणा १९ सप्टेंबर २०२५ ला, शुक्रवारी झाली आणि रविवारपासून लागूही झाली. राजपत्रात ती त्यानंतर आली. त्या शनिवार-रविवारी विमानतळांवर अडकलेल्या लोकांना या संकेतस्थळाचा उपयोग नव्हता.

परवान्यांचा ऑक्टोबरचा नियम तर प्रसिद्ध झाला त्याच दिवशी अमलात आला. हरकती मात्र नंतर, १ डिसेंबरपर्यंत मागवल्या होत्या. आधी ऐकून मग ठरवणे हा या पद्धतीचा प्राण आहे, आणि तो क्रम उलटला याचे मला दुःख झाले. तरीही नियमाच्या पानावरील हिरवे बटण दाबून मी माझा अभिप्राय लिहिला. तो इंग्रजीतच द्यावा लागतो, किंवा सोबत इंग्रजी भाषांतर जोडावे लागते. शेजारच्या मावशींच्या सुनेचा परवाना फेब्रुवारीत संपणार होता आणि तिचा अर्ज ३० तारखेनंतर गेला होता. तिचे म्हणणे आम्ही दोघींनी मिळून मराठीत लिहून काढले, मग इंग्रजीत आणले, आणि तिच्या नावाने पाठवले. पाठवल्याबरोबर पडद्यावर पोचेचा क्रमांक आला. तो तिने वहीत उतरवून ठेवला आहे.