डिबगर घ्यावा की लॉगवर भागवावं?

गेल्या उन्हाळ्यात एका बागायतदाराचा फोन आला. "रात्री बाराला लाइट आली, मोटार चालू झाली, आणि तेव्हापासून तुमच्या ॲपवर काहीच दिसत नाही." शेतात ईएसपी३२ या छोट्या वाय-फाय चिपवर बांधलेला आमचा डबा होता. ओलावा आणि पाइपातला दाब मोजायचा, सिमकार्डावरून सर्व्हरला पाठवायचा. सर्व्हरवर पोस्टग्रेस हा डेटाबेस. आता "काहीच दिसत नाही" याचा अर्थ डबा बंद पडला, की डेटाबेस अडकला? असं दोन टोकांचं काम अंगावर घेतलं असेल, तर पैसे आणि वेळ कुठल्या साधनावर घालायचा हा प्रश्न तुम्हालाही पडला असेल. मी ही सगळी साधनं त्याच फोनच्या कसोटीवर लावून बघतो.

सिरीयल मॉनिटर, म्हणजे चिपने छापलेल्या ओळी केबलवरून संगणकावर बघायची खिडकी, फुकट आहे आणि निम्मी कामं त्यातच होतात. पण ११५२०० बॉडला (सेकंदाला तेवढे बिट) एका अक्षरामागे दहा बिट धरले, तर सेकंदाला ११,५२० अक्षरं जातात. म्हणजे ऐंशी अक्षरांच्या एका ओळीला जवळपास ७ मिलिसेकंद. बफर भरला की प्रोग्राम तेवढा वेळ खोळंबतो. दोन टास्क एकाच व्हेरिएबलवर तुटून पडत असतील, तर प्रिंट टाकल्यावर घोळ गायब आणि काढल्यावर पुन्हा हजर. गॅरेजवाल्यासमोर गाडी आवाज करत नाही, तसंच. शिवाय शेतातल्या डब्याला यूएसबी केबल लावून रात्रभर कोण बसणार?

जेटॅग, म्हणजे चालता प्रोग्राम थांबवून आत बघू देणारा हार्डवेअर डिबगर, इथे वरचढ वाटतो, आणि एका कामात तो खरंच आहे. एखाद्या व्हेरिएबलमध्ये भलतीच किंमत येतेय आणि ती कोण लिहितंय ते कळत नाही, तेव्हा वॉचपॉइंट लावायचा, म्हणजे त्या व्हेरिएबलला कुणी हात लावताच प्रोग्राम थांबतो. लिहिणारी ओळ रंगेहाथ सापडते. प्रिंटने याच शोधात माझे दोन दिवस गेले होते, वॉचपॉइंटने वीस मिनिटांत सुटलं. जुन्या ईएसपी३२ वर मात्र हार्डवेअर ब्रेकपॉइंट (ठरावीक ओळीवर प्रोग्राम थांबवणारे) दोनच आणि वॉचपॉइंटही दोनच, त्यामुळे जपून वापरावे लागतात. बाहेरचा अडॅप्टर लागतो आणि जीपीआयओ १२ ते १५ या पिना त्यात जातात. त्याच पिनांवर एसडी कार्ड टाकून बोर्ड छापून आणलात, तर डिबगर कपाटातच राहील. नवं डिझाइन करत असाल तर सरळ ईएसपी३२ चेच नवे प्रकार एस३ किंवा सी३ घ्या. त्यांच्यात यूएसबीवरून चालणारा जेटॅग आतच असतो, वेगळा खर्च नाही.

दुसरी अडचण अशी, की डिबगर तुमचं डिव्हाइस थांबवतो, पण पलीकडचं जग थांबत नाही. डबा एमक्यूटीटी या निरोपांच्या पद्धतीने बोलत असेल, त्याचा कीपअलाइव्ह ('मी जिवंत आहे' सांगायची मुदत) ६० सेकंद असेल आणि तुम्ही ब्रेकपॉइंटवर चहा पीत बसलात, तर दीडपट म्हणजे ९० सेकंदांनी ब्रोकर, म्हणजे निरोप घेणारा सर्व्हर, जोडणी तोडतो. पुढे जे दिसतं तो मूळ दोष नसून तुमच्या थांबण्याचा परिणाम असतो.

आमच्या फोनचं उत्तर या दोघांपैकी कुणीच दिलं नसतं. टेबलावर दणकट पॉवर सप्लाय होता, तिथे डबा आठवडाभर पडलाच नाही. उत्तर मिळालं ते फर्मवेअरमधल्या (डब्यातल्या प्रोग्राममधल्या) एका साध्या सवयीतून: उठल्यावर पहिल्या निरोपात रीसेटचं कारण पाठवायचं. ईएसपी-आयडीएफ या चिपच्या अधिकृत प्रोग्रामिंग संचात त्यासाठी एकच फंक्शन आहे. त्या रात्रीच्या निरोपांत बहुतेक 'ब्राउनआउट' (व्होल्टेज घसरल्याने रीसेट) होतं, एकदोन 'पॉवर-ऑन' (वीज पूर्ण जाऊन परत आली). मोटार उचलताना व्होल्टेज खाली जायचं, आणि नेमका त्याच क्षणी टू-जी मॉड्यूल २ अँपिअरपर्यंत करंट ओढायचा. स्वस्तातल्या ॲडॅप्टरला ते झेपत नव्हतं. कोअर डंप, म्हणजे प्रोग्राम कोसळला त्या क्षणाचं मेमरीचं चित्र, फ्लॅशमध्ये ठेवायची सोयही अशीच कामाची आहे. फक्त प्रत्येक बिल्डची ईएलएफ फाइल (पत्त्यांवरून कोडची ओळ सांगणारी) जपून ठेवा, नाहीतर हाती नुसते आकडे उरतात.

पण थांबा. डबा पडून पुन्हा उठत होता, निरोपही येत होते, मग ॲपवर काहीच का नाही? इथे डेटाबेसचं टोक सुरू होतं.

पोस्टग्रेसमध्ये फुकटचे दोन मार्ग आहेत. संथ क्वेरींचा (डेटाबेसला विचारलेल्या प्रश्नांचा) लॉग मुळात बंद असतो. किती वेळ घेणारी क्वेरी नोंदवायची ती मर्यादा ठरवून कॉन्फिग रीलोड केलं की चालू होतो, सर्व्हर रीस्टार्ट करावा लागत नाही. प्रत्यक्ष किमतींसकट क्वेरी दिसते, म्हणजे 'याच शेतकऱ्याचं पान का अडतं' हे कळतं. पण मर्यादा ५०० मिलिसेकंद ठेवलीत, तर ४ मिलिसेकंदांची क्वेरी तासाला वीस हजार वेळा धावून ८० सेकंद खाते, ते लॉगला दिसतच नाही. ते पीजी-स्टॅट-स्टेटमेंट्स हे पोस्टग्रेसचं जोड-साधन दाखवतं. त्यात किमती गाळून एकसारख्या क्वेरींची बेरीज होते, त्यामुळे कुठल्या शेतकऱ्याचं पान अडतं ते मात्र कळत नाही. ते बसवायला एकदा रीस्टार्ट लागतो, म्हणून पहिल्याच दिवशी बसवून टाका. दोन्हीतून एकच निवडायचं म्हणालात तर मी हे निवडेन. लॉग हवा तेव्हा चालू करता येतो. आणि एखादी क्वेरी कुठे वेळ खाते ते दाखवणारी एक्सप्लेन ॲनलाइझ ही आज्ञा क्वेरी खरोखर चालवते हे विसरू नका. डिलीटवर लावायची असेल तर ट्रान्झॅक्शनमध्ये, रोलबॅकसह, म्हणजे बदल मागे घेता येतो.

प्रोमिथियस (आकडे गोळा करणारा) आणि ग्राफाना (त्यांचे आलेख दाखवणारा) सर्व्हरसाठी उत्तम. डब्यांसाठी नाही, कारण प्रोमिथियस स्वतः येऊन आकडे ओढतो आणि मोबाइल नेटवर्कच्या आड, त्यातही अर्धा वेळ झोपलेल्या डब्यापर्यंत तो पोचत नाही.

आमच्या प्रकरणात मात्र एकही क्वेरी संथ नव्हती. डेटाबेसमधलं नोंदींचं टेबल तारखेनुसार चढत्या क्रमाने उघडलं, तर सर्वात वर नोंदी होत्या १ जानेवारी १९७० च्या, पहाटे साडेपाचपासून पुढच्या. पुरवठा पूर्ण तुटला की डब्याचं घड्याळ शून्यावर, म्हणजे संगणकं वेळ जिथून मोजतात त्या १९७० च्या पहिल्या क्षणावर (आपल्याकडे पहाटे साडेपाच) यायचं, इंटरनेटवरून वेळ मिळायच्या आधीच तो नोंद पाठवून झोपायचा, आणि ॲप दाखवायचं ते फक्त शेवटचे चोवीस तास. डेटा सगळा होता, फक्त आमच्या जन्माआधीचा.

ॲडॅप्टर बदलला, बोर्डावर मोठा कपॅसिटर चढवला. टेबलात आता डब्याने सांगितलेल्या वेळेशेजारी सर्व्हरला नोंद मिळाल्याची वेळ, असा दुसरा कॉलम आहे. दोन्हींत दहा मिनिटांहून जास्त फरक पडला की आम्हाला मेसेज येतो, बागायतदाराच्या फोनआधी.