ग्राफिक्स कार्डवाला लॅपटॉप वर्षभर वापरून: नंबर नंतर बघा, आधी वॅट विचारा

एनव्हिडियाच्या आरटीएक्स ४०६० ग्राफिक्स कार्डचा लॅपटॉप, कार्डाची स्वतःची मेमरी ८ जीबी, गेल्या वर्षी पाऊस सुरू व्हायच्या आधी घेतला. काम म्हणजे घरांचे प्लॅन नि इंटिरियर: रेव्हिट, स्केचअपमध्ये घराचं थ्रीडी मॉडेल आणि त्यावर एन्स्केप, म्हणजे त्या मॉडेलमध्ये खऱ्यासारखं फिरवून दाखवणारं सॉफ्टवेअर. स्क्रीन, कीबोर्ड मस्त, पंख्याचा आवाज आहे पण सवय होते. खरं लिहायचंय ते चार्जरबद्दल.

यंदा जुलैत फोंड्यात लाईटीचा जा-ये खेळ चालला होता त्यात २३० वॅटचा ओरिजिनल चार्जर गेला. सर्व्हिस सेंटरवाला म्हणाला पार्ट नाही, महिना लागेल, तोपर्यंत १०० वॅटचा टाईप-सी घ्या, चार्ज होतो. माझ्याच पैशाने घेतला. चार्ज होतो, रेव्हिट चालतं, ऑटोकॅडचं टूडी तर कार्डावर फारसा भार टाकतच नाही. पण एन्स्केपमध्ये क्लायंटला घर फिरवून दाखवायला घेतलं की अडकत अडकत चालायचं, आणि प्लगला लावलेला असूनही बॅटरी उतरायची! कमांड प्रॉम्प्टमध्ये एनव्हिडिया-एसएमआय (कार्ड किती वीज खातंय ते दाखवणारी कमांड) टाकून बघितलं तर जे कार्ड आधी शंभरच्या वर वॅट खायचं ते चाळिशीच्या आतच अडकलेलं. परत गेले तर उत्तर काय, 'मॅडम, लॅपटॉप चालू आहे ना?' अहो चालू आहे, पण ज्या कामासाठी एवढे पैसे मोजले ते होत नाही त्याचं काय?

आणि यातूनच मला कळलं की हे फक्त चार्जरचं नाही. लॅपटॉपमधलं ४०६० हे ३५ वॅटपासून ११५ वॅटपर्यंत कितीलाही बसवता येतं, ते लॅपटॉप बनवणारी कंपनी ठरवते. कार्डातले कोअर (हिशोब करणारे भाग) तेच ३०७२, स्टिकर तोच, आणि पातळ सुंदर लॅपटॉपमधलं कार्ड जाड लॅपटॉपमधल्यापेक्षा बरंच मागे पडतं. म्हापशापासून मडगावपर्यंत दुकानात विचारून बघा, रॅम सांगतील, एसएसडी सांगतील, वॅट कोणी सांगत नाही. कंपनीच्या साइटवर खाली बारीक अक्षरात टीजीपी किंवा मॅक्स ग्राफिक्स पॉवर, म्हणजे कार्डाला जास्तीत जास्त किती वॅट मिळतात ते, लिहिलेलं असतं ते शोधा, नसेल तर तो लॅपटॉप सोडा.

दुसरं मेमरी. जुन्या घराचं एक काम होतं, राजांगण (घराच्या मधलं अंगण), कौलं, भोवती माड नि आंबे. घराला काही होत नाही, झाडं टाकत गेले तशी ८ जीबी भरत आली आणि वॉर्निंग यायला लागली. लांबची झाडं साधी ठेवली तेव्हा निभावलं. मग एक पायरी वरचा ४०७० घ्यायला हवा होता का? नाही! लॅपटॉपच्या ४०७० लाही ८ जीबीच आहे, स्पीड थोडा वाढेल पण झाडं तेवढीच मावतील, त्यासाठी वरचे पैसे मी देणार नाही. खालचा ४०५० मात्र ६ जीबीचा, एन्स्केपसारखं रेंडरचं काम असेल तर नको.

एका बाबतीत मत बदललं. प्रोफेशनल कार्ड, म्हणजे आधी क्वाड्रो म्हणायचे ती लाईन, पैसे वाया असं मी सगळ्यांना सांगायचे. पण वेर्ण्याला फिक्स्चर (कारखान्यात भाग पकडून ठेवायची साधनं) डिझाईन करणारा माझा मावसभाऊ सॉलिडवर्क्स या मशीनच्या भागांच्या डिझाईन सॉफ्टवेअरवर आहे, जीफोर्सवर, म्हणजे माझ्या ४०६० सारख्या साध्या कार्डांवर, त्याचं रिअलव्ह्यूचं (मॉडेल खऱ्या वस्तूसारखं दाखवण्याचं) बटणच चालू होत नाही, त्याला सर्टिफाइड कार्डच लागतं. तेव्हा सॉलिडवर्क्सवाल्यांनी त्यांची सर्टिफाइड यादी बघूनच घ्या. रेव्हिट-स्केचअपवाल्यांना जीफोर्स पुरे, फक्त गेमसाठीच्या गेम रेडी ड्रायव्हरऐवजी एनव्हिडियाचा स्टुडिओ ड्रायव्हर टाका, फुकट आहे, आणि विंडोजच्या ग्राफिक्स सेटिंगमध्ये स्केचअपला हाय परफॉर्मन्स लावा, नाहीतर ते कधीकधी प्रोसेसरमधल्या इंटेलच्या साध्या ग्राफिक्सवरच चालत राहतं नि आपण कार्डाला शिव्या देतो.

शेवटी १९१५ वर ग्राहक हेल्पलाईनला तक्रार टाकली, वॉरंटीचा कागद आणि दोन्ही चार्जरचे फोटो जोडून. त्यानंतर कंपनीचाच फोन आला आणि चतुर्थीच्या आधी २३० वॅटचा मिळाला, पैसे न देता. एन्स्केप पहिल्यासारखं पळतंय. १०० वॅटवाला आता साइटवर नेते, मीटिंगला प्लॅन दाखवायला पुरतो, पर्समध्ये मावतो. त्याचे पैसे मात्र अजून कोणी परत केलेले नाहीत, आणि ते मी मागणार आहे.