अँड्रॉइड सोडून आयफोन घ्यावा का? फोंड्याच्या एका पिग्मीवालीचं मत

निकाल आधीच सांगते, म्हणजे घाईवाल्यांना पुढचं वाचायला नको. मी अँड्रॉइडवरच राहिले. आयफोन आमच्या ह्यांच्याकडे गेला आणि तो त्यांनाच योग्य आहे. फोन वाईट नाही हो. एकदा हातात बसला की परत द्यायला जिवावर येतं. पण माझं पोट ज्या कामावर चालतं ते काम त्याच्यावर होत नाही, एवढंच.

मी गोव्यात फोंड्याला एका पतसंस्थेची पिग्मी, म्हणजे दुकानदारांची रोजची थोडी थोडी बचत, गोळा करते. सकाळी तिस्क, मग वरचा बाजार, संध्याकाळी खडपाबांधच्या बाजूची दुकानं. खांद्याला पिशवी, पिशवीत रोकड, फोन आणि पावती छापणारं छोटं यंत्र. मुलगी वेर्ण्याला औषधांच्या कंपनीत आहे. तिनं नवा फोन घेतला आणि स्वतःचा आयफोन १३ माझ्यापुढे ठेवला. "आई, तुझा तो खटारा टाक गं आता." खटारा खरंच खटारा झाला होता. बॅटरी दुपारपर्यंत मान टाकायची, आणि अपडेट येणं कधीच बंद झालेलं.

मग मी आधी पोरांचे व्हिडिओ बघितले, दोन्हींची तुलना करणारे. कॅमेरा, गेम, स्क्रीन किती गुळगुळीत सरकते, सगळं आहे. फोनला जे बाकीचं जग बांधलेलं असतं त्याचं काय होतं, ते कोणी सांगत नाही. म्हणून हे लिहायला घेतलं.

पहिली अडचण त्या छापायच्या यंत्राची. आमच्या संस्थेचं अ‍ॅप प्ले स्टोअरवर नाही. ज्या कंपनीनं ते बनवलं ती फाइल पाठवते, ती फाइल फोनवर टाकायची, परवानगी द्यायची, की झालं. अँड्रॉइड हे करू देतं. आयफोनवर अ‍ॅप यायचं ते आपल्याकडे अ‍ॅप स्टोअरमधूनच, आणि तिथे आमचं अ‍ॅप नाहीच. संस्थेत विचारलं, तिथून अ‍ॅपवाल्यांना विचारलं. उत्तर एकच, आयफोनचं काही नाही. समजा उद्या अ‍ॅप आलं, तरी यंत्राचं घोडं अडतंच. हे स्वस्तातले थर्मल प्रिंटर जुन्या तऱ्हेच्या ब्लूटूथवर चालतात. अँड्रॉइड त्यांना बिनतक्रार जोडून घेतो. आयफोन मात्र अशी जोडणी ॲपलच्या मान्यता योजनेतून पार झालेल्या उपकरणांनाच देतो. माझ्या पिशवीतलं यंत्र तसलं नाही, आणि ते यंत्र संस्थेचं आहे, मी बदलू शकत नाही.

पावतीचं एवढं काय, असं मुलीला वाटतं. मेसेज जातो ना खातेदाराला! पण वरच्या बाजारातल्या माझ्या भुसारी शेटाच्या गल्ल्यात बघा. तारेला टोचलेल्या पावत्यांचा गठ्ठा आहे. खालच्या पिवळ्या पडून कोऱ्या झाल्यात, कारण थर्मलची छपाई उडते, तरी त्या टाकत नाहीत. पैसे मोजून माझ्या हातात देतात आणि यंत्राकडे बघत राहतात. कर्रकर्र आवाज झाला नाही की लगेच, "बाय, पावती खंय गे?" १९२८ साली उडुपीला पिग्मी सुरू झाली, पुढे जिचं नाव सिंडिकेट बँक झालं त्या बँकेची, तेव्हा रोजचे दोन आणे घेऊन माणूस दारात यायचा. माणूस दारात येतो आणि कागद देतो, ह्यावरच हा धंदा उभा आहे. फोन कुठला का असेना, कागद निघाला पाहिजे.

म्हणून मी कामाचं सिम जुन्या फोनमध्येच ठेवलं आणि घरचा नंबर आयफोनवर नेला. ज्यांना बदलायचंय त्यांनीही असंच करून बघावं. मुलगी म्हणत होती, एका नंबरचं ई-सिम (कार्ड नसलेलं, फोनच्या आतलंच सिम) कर, दोन्ही एकाच फोनमध्ये बसतील. बसतात हे खरं. भारतात विकल्या गेलेल्या आयफोन १३ मध्ये एक कार्ड आणि एक ई-सिम चालतं. पण जमलं नाही आणि ई-सिम नसलेल्या जुन्या फोनवर परत यायचं झालं, तर कार्डासाठी पुन्हा कंपनीच्या गॅलरीत जाऊन उभं राहा, ओळखपत्र दाखवा. परतीची वाट मोकळी ठेवलेली बरी.

आता व्हॉट्सअ‍ॅप. लोक सगळ्यात जास्त ह्यालाच घाबरतात. २०२२ पासून अँड्रॉइडवरच्या गप्पा आयफोनवर नेता येतात, पण पद्धत धरून. ॲपलचं 'मूव्ह टू आयओएस' हे अ‍ॅप जुन्या फोनवर घ्यायचं आणि आयफोन नवा, नाहीतर पूर्ण पुसून कोरा केलेला हवा. फोन आधी सुरू करून, चार दिवस वापरून, मग "आता गप्पा आणू या" असं चालत नाही. गुगल ड्राइव्हवरचा बॅकअप आयफोनला उघडता येत नाही, त्यामुळे "माझा बॅकअप आहे" ह्या भरवशावर राहू नका. नंबर तोच ठेवायचा, दोन्ही फोन चार्जिंगला लावायचे, आणि ते चालू असताना फोनला हात लावायचा नाही. फोटो, मेसेज, गटातल्या गप्पा येतात. कॉलची यादी येत नाही. आमच्याकडे रात्री जेवणं झाल्यावर लावलं आणि झोपायच्या आधी सगळं आलं, आईच्या आवाजातले जुने मेसेजसुद्धा. त्याबद्दल ह्या सोयीला पैकीच्या पैकी गुण.

यूपीआयचं वेगळंच. फोन बदलला की प्रत्येक अ‍ॅपमध्ये नव्यानं नोंदणी. अँड्रॉइडवर बँकेचं अ‍ॅप तो पडताळणीचा मेसेज आपणहून धाडतं. आयफोनवर अ‍ॅपला तशी मुभा नाही, तयार मेसेज समोर येतो आणि आपण बटण दाबून तो पाठवायचा. पाठवायचा त्याच सिमवरून जे बँकेला दिलंय. इथपर्यंत ठीक. पण नव्या फोनवर पहिले २४ तास ५००० रुपयांच्या वर पैसे जात नाहीत, आणि काही बँका आयफोनवाल्यांना ही मर्यादा ७२ तास लावतात. चोराच्या हाती खातं लागू नये म्हणून आहे, चांगलंच आहे. फक्त गणेशचवथीच्या तोंडावर फोन बदलायला जाऊ नका. माटोळीचं, म्हणजे गणपतीवर टांगायच्या फळापानांचं, सामान, फटाके, भटजींची दक्षिणा, सगळं त्याच दोन दिवसांत येतं.

पावसात मात्र आयफोननं मला जिंकलं. जून-जुलैत स्कूटरवरून फिरणाऱ्या बाईची बोटं कधी कोरडी नसतात. माझ्या जुन्या फोनला बोटाचा ठसा लागतो, ओलं बोट तो ओळखत नाही, मग दुकानाच्या पत्र्याखाली उभं राहून साडीला बोट पुसा, पुन्हा लावा, पुन्हा पुसा. आयफोन तोंड बघतो आणि उघडतो. २०२२ मध्ये आलेल्या सुधारणेनंतर नाक-तोंड झाकलेलं असलं तरी उघडतो, म्हणजे स्कूटरवर बांधलेला स्कार्फ सोडावा लागत नाही. हेल्मेटची काच वर केली की पुरे. चार्जिंगच्या भोकात पाणी गेलं तर तो तसं स्क्रीनवर सांगतो आणि चार्ज करून घेत नाही. अशा वेळी आपल्याकडे पहिली धाव उकड्या तांदळाच्या डब्याकडे. ॲपल स्वतःच सांगते की तांदळात ठेवू नका, बारीक कण आत जाऊन फोन बिघडतो. तोंड खाली धरून हलकेच थोपटायचा आणि हवेवर ठेवायचा. आणि पाण्याला टिकतो म्हणून मिरामारच्या लाटांत घेऊन उतरू नका. पाण्यानं झालेलं नुकसान वॉरंटीत बसत नाही.

बारीकसारीक गोष्टी आहेत, पण त्यांची सवय होते. मागे जायला अँड्रॉइडवर दोन्ही कडांनी बोट सरकवता येतं, आयफोनवर डावीकडूनच, नाहीतर वरच्या कोपऱ्यातला बाण. उजव्या अंगठ्यानं चालणाऱ्या बाईला तो कोपरा लांब पडतो. मराठी टायपिंग दोन्हीकडे नीट होतं. फोटो मात्र आयफोन आपल्या एचईआयसी नावाच्या प्रकारात काढतो. मी एका खातेदाराच्या आधारचा फोटो कचेरीत पाठवला, तर तिथल्या जुन्या संगणकावर उघडेना. सेटिंग्जमध्ये कॅमेरा, त्यात फॉरमॅट्स, तिथे 'मोस्ट कम्पॅटिबल' निवडलं की साधा जेपीजी निघतो. घरात सगळ्या वायरी टाइप-सी झाल्यात आणि १३ ला लागते जुनी लाइटनिंग. ती एक वायर हरवली की घरभर शोधाशोध. आयफोन १५ पासून तेही टाइप-सी झालेत.

पैशाचं बघायचं तर फोटो-बॅकअप ठेवायला गुगल १५ जीबी जागा फुकट देतं, ॲपलचं आयक्लाउड ५. ती कधी भरते कळतही नाही, मग महिना ७५ रुपये भरून ५० जीबी घ्यायची. फार नाही, पण कायमची वर्गणी आहे. दुरुस्तीचं म्हणाल तर ॲपलचं स्वतःचं दुकान गोव्यात नाही. मुंबईला २०२३ मध्ये झालं, पुण्याला २०२५ मध्ये. कोपऱ्यावरच्या मोबाइलवाल्या पोरानं बाहेरची बॅटरी बसवली की ती अस्सल आहे की नाही कळत नाही, असा संदेश फोन दाखवत राहतो. चालतो, पण टोचतं.

आयुष्याच्या बाबतीत आयफोनची कीर्ती खरी आहे. २०१८ चे एक्सआर आणि एक्सएस २०२५ पर्यंत नवी आवृत्ती घेत होते. पण आता हा मुद्दा पूर्वीइतका एकतर्फी राहिलेला नाही. गुगलच्या पिक्सेल ८ आणि सॅमसंगच्या गॅलेक्सी एस २४ पासून सात वर्षांच्या अपडेटचं वचन आहे, आणि सॅमसंगच्या ए मालिकेतल्या काही परवडणाऱ्या फोनांनाही सहा वर्षांचं. मी तसलाच एक घेतला. खोक्यावरच्या कॅमेऱ्याच्या आकड्यांपेक्षा आधी हे विचारा.

आता हा आयफोन ह्यांच्याकडे का गेला ते. आमचे हे निवृत्त मास्तर, भजनी मंडळात गातात. ज्या गटात हे आहेत त्यात रोज पन्नास गोष्टी येतात आणि हे प्रत्येक गोष्ट उघडतात. सध्या चोरांची एक तऱ्हा चालू आहे. लग्नपत्रिका नाहीतर वाहतुकीचा दंड म्हणून एक एपीके फाइल, म्हणजे अँड्रॉइडवर बाहेरून टाकायच्या अॅपची फाइल, येते. ती दाबून परवानग्या दिल्या की ते अ‍ॅप मेसेज वाचायला लागतं, ओटीपी त्याच्याकडे जातो आणि खातं धुवून निघतं. असलीच एक पत्रिका ह्यांच्या गटात आली. ह्यांनी ती मन लावून दाबली, दोनदा दाबली, आणि मला हाक मारली, "अगं, कोणाचं लग्न आहे बघ, उघडत नाही." आयफोनवर एपीके चालतच नाही, आणि आलेले एसएमएस सरसकट वाचायची परवानगी तो कुठल्याच अ‍ॅपला देत नाही. बाहेरून फाइल आणून टाकायची जी मोकळीक मला रोजी देते, तिचीच ह्यांच्या हातात मला भीती वाटते. लिंक दाबून कुठल्या पानावर आपणच आकडे भरले तर आयफोनही वाचवणार नाही, हे त्यांना बजावलंय. पण निम्मी काळजी गेली. शिवाय सप्ताहातलं चक्री भजन ते त्यावर रेकॉर्ड करतात, पखवाज आणि झांजा एकमेकांवर चढत नाहीत, आणि मंडळात भाव वाढलाय तो वेगळा.

तेव्हा कामाचं अ‍ॅप, प्रिंटर, वजनकाटा, बारकोडचं यंत्र असलं काही तुमच्या फोनला जोडलेलं असेल, तर आधी ते बनवणाऱ्याला विचारा, मग दुकानात जा. फोन बोलण्यापुरता, फोटोपुरता आणि बिलं भरण्यापुरता असेल, घरात वयस्कर माणूस असेल, तर जुना का होईना, आयफोन घ्यायला माझी ना नाही.

एक राहिलं. आपल्याकडे अर्ध्या घरांत फोन आखातातून येतो. माझा चुलतभाऊ कतारला आहे, म्हणाला, "डिसेंबरात येताना तुला १७ आणतो, इथे बरा पडतो." कतार, दुबई, कुवेत, ओमान, सौदी, बाहरीन, इथे विकल्या जाणाऱ्या आयफोन १७ ला कार्डाची जागाच नाही, दोन्ही नंबर ई-सिमच करावे लागतात. भर पावसात फोन बंद पडला की कार्ड काढून दुसऱ्यात घालायचं, ही आपली वर्षानुवर्षांची युक्ती तिथे संपली. त्याला कळवलंय, फोन नको, खजूर आण.