मेम्फिसचे क्रॉसटाउन कॉन्कोर्स: जुन्या गोदामाची नवी वहिवाट

टपालाने आलेल्या मागण्या पुरवण्यासाठी सिअर्स कंपनीने १९२७ साली अमेरिकेतील मेम्फिस शहरात हे अवाढव्य गोदाम उभारले. त्यातील दुकान १९८३ साली आणि गोदाम १९९३ साली बंद झाले. त्यानंतर सुमारे वीस वर्षे ही पंधरा लाख चौरस फुटांची इमारत रिकामी पडून होती आणि तिच्यासोबत आजूबाजूची वस्तीही ओसरत गेली. वीस कोटी डॉलरहून अधिक खर्चून ती २०१७ साली पुन्हा खुली झाली.

अशा गोदामाची खरी अडचण त्याच्या आतल्या रुंदीत असते. बाहेरच्या भिंतींना खिडक्या असल्या तरी मधल्या भागापर्यंत उजेड पोहोचत नाही, आणि जिथे पूर्वी केवळ माल ठेवला जात होता तिथे माणसांनी दिवसभर बसायचे म्हटले की तो मधला भाग निरुपयोगी ठरतो. येथे मजल्यांचे स्लॅब कापून अनेक मजले उंचीचे चौक मोकळे केले आहेत आणि त्यांना वरून उजेड दिला आहे. काँक्रीटचे छत्रीसारखे माथे असलेले जुने खांब मात्र उघडेच ठेवले आहेत. मुख्य चौकातील लाल गोल जिना जरा जास्तच लक्ष वेधून घेतो, पण अनोळखी माणसाला वाट सापडण्यासाठी त्याचा उपयोग होतो, हेही मान्य करावे लागेल.

माझ्या मते, या प्रकल्पाचे श्रेय वास्तुरचनेपेक्षा भाडेकरूंच्या निवडीला अधिक जाते. आरोग्यविमा नसलेल्या कष्टकऱ्यांवर उपचार करणारी चर्च हेल्थ ही संस्था, कलाकारांसाठी काम करणारी क्रॉसटाउन आर्ट्स, एक माध्यमिक शाळा आणि वरच्या मजल्यांवरील २६५ सदनिका यांमुळे येथे रोज, आणि कामासाठी, माणसे येतात. निव्वळ खरेदी आणि खाण्यापिण्यावर चालणाऱ्या जुन्या वास्तू हौशी गर्दी ओसरली की पुन्हा ओस पडू शकतात.

अमेरिकेत नोंद झालेल्या ऐतिहासिक व्यापारी इमारतीच्या पात्र दुरुस्तीखर्चावर वीस टक्के केंद्रीय करसवलत मिळते. दुरुस्तीत मूळ स्वरूप जपण्याची अट त्यासोबत असते. ही सवलत नसती, तर एवढ्या मोठ्या वास्तूचा हिशेब जुळणे अवघड होते.

एक उणीव जाणवते. चौकांमधील गजबज आतल्या आतच राहते आणि लगतच्या रस्त्यांवर तिचा अंश फारसा उतरत नाही. ज्यांना असा प्रकल्प अभ्यासायचा आहे, त्यांनी तो कामाच्या दिवशी दुपारी पाहावा, आणि नंतर बाहेरच्या गल्ल्यांतूनही एक फेरी मारावी.