घारापुरीची लाँच : उन्हाळ्यातील एक सकाळ
गेटवे ऑफ इंडियापासून घारापुरीपर्यंतचा सुमारे तासाभराचा लाँचप्रवास उन्हाळ्यात सकाळच्या पहिल्या फेऱ्यांपैकी एखादीनेच करावा, कारण लेण्यांपर्यंतच्या १०० हून अधिक पायऱ्या दुपारच्या उन्हात वृद्धांना झेपत नाहीत. वरच्या डेकवर वारा भरपूर मिळाला. आमच्या लाँचवर मात्र लाइफ जॅकेटे बाकाखाली दोरीने घट्ट बांधून ठेवलेली होती. डिसेंबर २०२४ मध्ये घारापुरीला निघालेल्या लाँचला नौदलाची स्पीडबोट धडकून झालेल्या दुर्घटनेनंतरही अशी हयगय व्हावी, हे अक्षम्य आहे. मुख्य लेण्यातील अंधाराला डोळे सरावले, की सुमारे २० फूट उंचीचा, तीन मुखांचा सदाशिव (शिवाचे शिल्प) हळूहळू उमटतो आणि उजवीकडील मुखाजवळच्या हातातले कमळ दिसताच सारा शीण उतरतो. सोमवारी लेणी बंद असतात.